जुन्या घड्याळांची दुरुस्ती व त्यांतील ऐतिहासिक पुरावा

१. जुन्या घराण्यांचीं दप्तरें तपासतांना कागदांच्या रुमालांबरोबर कधीं कधीं एखादी लहानशी पेटी हातीं येते. तींत शिक्के, पदकें, चष्म्याची चौकट, अत्तरदाणी अशा वस्तु असतात. आणि त्यांतच पुष्कळदां एक बंद पडलेलें खिशांतलें घड्याळ असतें. कागद आपण जपून उलगडतों, कसर झाडतों, फाटलेल्या जागीं पातळ कागद लावतों. पण मूळ अक्षरावर नवी शाई फिरवीत नाहीं. घड्याळ मात्र आपण सरळ बाजारांतील कारागिराकडे धाडतों, आणि तें टिक-टिक करूं लागलें म्हणजे कृतार्थ होतों. कागदास जो न्याय आपण लावतों तो घड्याळास लावीत नाहीं. यामुळें बराच पुरावा आजवर नाहींसा झाला, व त्यांतील थोडा प्रस्तुत लेखकाच्याच हातून झाला आहे. यास्तव जुनें यांत्रिक घड्याळ दुरुस्त कसें होतें, त्याचे सुटे भाग कसे ओळखावे व कोठून मिळवावे, आणि दुरुस्ती करतांना काय राखावें, याविषयीं येथें थोडें विवेचन करण्याचें योजिलें आहे.

२. घड्याळाचें यंत्र हें कागदाइतकेंच अस्सल साधन कसें ठरतें याचा एक उत्तम दाखला अमेरिकेंत घडला आहे. अध्यक्ष अब्राहम लिंकन यांचें सोन्याच्या डबीचें एक घड्याळ वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहांत आहे. त्याचें आंतील यंत्र इंग्लंडांतील लिव्हरपूल येथील. १८६१ सालच्या एप्रिल महिन्यांत हें घड्याळ वॉशिंग्टन शहरांतील गाल्ट यांच्या पेढीवर दुरुस्तीस आलें होतें. तेथें जोनाथन डिलन नांवाचा, मूळचा आयर्लंडचा, कारागीर कामास असे. पुढें पंचेचाळीस वर्षांनीं, म्हणजे १९०६ सालीं, वयाच्या ८४ व्या वर्षीं त्यानें न्यूयॉर्क टाइम्स पत्रास अशी हकीकत सांगितली कीं, समटर किल्ल्यावर तोफा डागल्याची वार्ता पेढींत पोंचली त्या क्षणीं लिंकनचें घड्याळ आपल्या हातीं होतें. आपण तबकडी उचलून खालच्या पत्र्यावर टोकदार हत्यारानें मजकूर कोरला व तबकडी पुन्हां बसविली. कोरलेला मजकूरही त्यानें आठवणीनें सांगितला. पहिली तोफ झडली, आतां गुलामगिरी संपली, आणि निदान प्रयत्न तरी करील असा अध्यक्ष आपल्याला लाभला याबद्दल ईश्वराचे आभार, असा त्याचा आशय होता.

ता. १० मार्च २००९ रोजीं संग्रहालयानें तें घड्याळ उघडविलें. तबकडीखालीं मजकूर खरोखरच निघाला. पण तो डिलननें सांगितलेला नव्हे. समटर किल्ल्यावर बंडखोरांनीं हल्ला केला, ता. १३ एप्रिल १८६१, आपल्याला सरकार आहे याबद्दल ईश्वराचे आभार, आणि खालीं स्वतःचें नांव, एवढाच तो आहे. गुलामगिरीचा त्यांत उल्लेख नाहीं, अध्यक्षाचाही नाहीं. शिवाय किल्ल्याच्या नांवांत एक अक्षर अधिक पडलें आहे. हल्ला सुरू झाला तो १२ एप्रिलच्या पहांटेस. १३ तारखेस किल्ला शरण गेला. कारागिरानें मात्र हल्ल्यास १३ हीच तारीख घातली आहे. त्याच यंत्रावर सप्टेंबर १८६४ मधील दुसऱ्या एका कारागिराचें नांव सांपडलें, आणि कोणा अज्ञात हातानें कोरलेलें, लिंकनचा प्रतिपक्षी जेफर्सन डेव्हिस याचें नांवही सांपडलें.

बखर व अस्सल पत्र यांतील भेद आपल्या वाचकांस निराळा सांगावयास नको. वृद्धापकाळीं सांगितलेली हकीकत ही बखर. तिच्यांत घटनेचा गाभा खरा, पण शब्द मागाहून घडलेल्या इतिहासाच्या रंगांत बुडालेले. गुलामगिरी संपेल हें १८६१ च्या एप्रिलांत कोणास दिसत होतें? पितळेवरचा ओरखडा हा अस्सल कागद. तो त्या दिवसापुरतेंच बोलतो, व अस्सल असूनही तारखेंत चुकतो. हा सारा निर्णय करतां आला तो एकाच कारणानें. १८६१ पासून २००९ पर्यंत त्या पत्र्यास कोणींही घासून उजळा दिला नाहीं.

३. आतां आमच्या घरचें उदाहरण. आमच्या दप्तराच्या पेटींत चांदीच्या डबीचें एक जड घड्याळ होतें. १८७७ च्या दिल्ली दरबाराच्या प्रसंगीं पणजोबांस तें मिळालें, अशी घरांत परंपरागत समजूत. डबीच्या मागील झांकणाच्या आंतल्या अंगास सुईनें ओढल्यासारख्या पांच-सहा बारीक खुणा होत्या. त्यांपैकीं एक मोडी आंकड्यांची होती. घड्याळजी लोक दुरुस्तीच्या वेळीं झांकणाच्या आंत असा एखादा आंकडा, तारीख अगर आपल्या नांवाचीं आद्याक्षरें ओरखडून ठेवीत. तेंच घड्याळ पुन्हां आलें असतां वहींतील नोंद काढतां यावी, हा त्यांतील हेतु. आम्हांस त्या वेळीं याची जाणीव नव्हती. घड्याळ एका मोठ्या शहरांतील कारागिराकडे दिलें. तीन आठवड्यांनीं तें परत आलें तें चालू, व आरशासारखें लखलखीत. झांकण आंतून-बाहेरून घासलें होतें. खुणा साफ गेल्या होत्या. मिन्याची तबकडी कडेस तडकलेली होती, तिच्या जागीं नवी छापील तबकडी आली होती. जुनी मागितली तों ती फेकून दिल्याचें कळलें. कारागिरास यांत दोष देतां येत नाहीं. ‘नव्यासारखें करून द्या’ असेंच आम्हीं त्यास सांगितलें होतें.

पुढें यंत्रावरील क्रमांक पाहिला. यंत्र अमेरिकेंतील वॉल्थॅम येथील कारखान्याचें, व क्रमांक पन्नास लक्षांच्या पुढील. या कारखान्याचे क्रमांक साधारणतः चढत गेलेले असून त्यांच्या याद्या उपलब्ध आहेत. त्यांवरून हें यंत्र १८९० च्या सुमारास अगर त्यानंतर झालेलें ठरतें. म्हणजे १८७७ च्या दरबारांत तें असणें शक्य नाहीं. पण एवढ्यानें परंपरा खोटी ठरली काय? तसेंही म्हणवत नाहीं. त्या काळीं अमेरिकन यंत्रें व डब्या बहुधा निरनिराळ्या विकल्या जात, व दुकानदार गिऱ्हाइकाच्या पसंतीप्रमाणें त्यांची जोडी लावी. तेव्हां डबी १८७७ ची व आंतील यंत्र मागाहून बदललेलें, हाही संभव उरतो. त्याचा निर्णय कसा होतो? यंत्र डबींत बसवितांना स्क्रूचें डोकें डबीच्या आंतल्या कडेवर दाबलें जाऊन तेथें वळ उठतो. एकाच यंत्राचा वळ असला तर जोडी मूळची. दुसऱ्या जागींही वळ दिसला तर पूर्वी निराळें यंत्र तेथें होतें असें अनुमान निघतें. आमच्या डबीची ती कडही घासली गेली होती. अशा रीतीनें घड्याळ चालूं लागलें आणि त्याचा प्रश्न कायमचा अनिर्णीत राहिला.

४. या अनुभवावरून पहिला नियम असा निघतो कीं, घड्याळ उघडण्यापूर्वीं तें वाचावें. पोथीचें वर्णन करतांना आपण वेष्टन, पत्रसंख्या, अक्षर, पुष्पिका व हस्तांतर पाहतों. तसाच क्रम येथें आहे.

तबकडीवरील नांवावर एकट्यावर कधींही विसंबूं नये. तें पुष्कळदां विक्रेत्याचें असतें. आपल्याकडील घरोघरच्या पेट्यांत वेस्ट एंड वॉच कंपनीचीं घड्याळें सांपडतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत स्विस व्यापाऱ्यांनीं मुंबईच्या पेठेसाठीं हें नांव पुढें आणलें. ‘क्वीन ॲन’ व ‘सोवार’ हे त्यांचे प्रकार आपल्या आजोबा-पणजोबांच्या परिचयाचे होते. पण आंतील यंत्रें एकाच कारखान्याचीं नाहींत. लाँजीनसारख्या नामांकित कारखान्याचींही त्यांत आहेत. तेव्हां ‘वेस्ट एंडचा सुटा भाग’ असें म्हणून शोध केल्यास हातीं कांहीं येत नाहीं. यंत्र कोणाचें, तें आधीं ठरवावें लागतें.

वॉल्थॅमचा क्रमांक तबकडीवर किंवा डबीवर नव्हे, तर यंत्राच्या वरच्या पत्र्यावर असतो; डबीचा क्रमांक निराळा, तो डबी करणाराचा. यंत्राच्या क्रमांकावरून नमुना, प्रत, माणकांची संख्या व स्थूलमानानें वर्ष कळतें. एकट्या या कारखान्यानें १८५० च्या दशकापासून १९५७ पर्यंत साडेतीन कोटींच्या घरांत घड्याळें केलीं. त्या याद्या पूर्वीं धंद्यांतील लोकांकडेच असत. आतां त्या महाजालावर कोणासही पाहतां येतात. त्यांतील वर्ष म्हणजे यंत्राच्या क्रमांकाचा अंदाज आहे, विक्रीची तारीख नव्हे, हें मात्र ध्यानांत ठेवावें.

स्विस यंत्रावर कर्त्याची खूण बहुधा बॅलन्सच्या चाकाखालीं, खालच्या पत्र्यावर, अगर तबकडीच्या बाजूस सांपडते. दोन-तीन अक्षरांचा शिक्का व शेजारीं नमुन्याचा आंकडा. खूण मुळींच नसेल तर यंत्राचा व्यास मोजावा. स्विस मोजणी ‘लीन्य’ या मापानें होते. एक लीन्य म्हणजे सुमारें २.२५६ मिलिमीटर. अमेरिकन मोजणी निराळी. तेथें १८ क्रमांकाचें यंत्र सुमारें ४४.९ मिलिमीटर व १६ क्रमांकाचें ४३.२ मिलिमीटर व्यासाचें असतें. व्यासाखेरीज दुसरी ओळख म्हणजे तबकडीखालील ती कळ, जिच्या योगें चावीची दांडी बाहेर ओढली असतां कांटे फिरतात. या कळेवरील पट्टीचा आकार नमुन्यागणिक निराळा असतो. जर्मनींतील फ्लूम या पेढीनें अशा पट्ट्यांच्या आकृतींवरून यंत्र ओळखण्याचे ग्रंथच काढले. अक्षराच्या वळणावरून लेखनिक ओळखावा, तसाच हा प्रकार आहे.

अलीकडच्या काळांतील एतद्देशीय घड्याळांसही हाच न्याय लागूं आहे. हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी कंपनीनें बंगळूर येथें जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानें १९६१ सालीं घड्याळें काढण्यास आरंभ केला. ‘जनता’ हा त्यांतील पुष्कळांच्या मनगटावर असलेला प्रकार. २०१६ सालीं केंद्र सरकारनें तिच्या घड्याळांच्या कंपनीस टाळें लावण्याचा निर्णय घेतला. तेव्हां एका पिढीपूर्वीं नित्य वापरांतील म्हणून कोणी न जपलेली वस्तु आतां संग्राह्य झाली आहे.

५. आतां झिजतें काय तें पाहूं, म्हणजे बदलावें काय हें कळेल. चावी दिल्यानें एका पिंपांत गुंडाळलेली पोलादी कमान ताणली जाते. ती उलगडतां उलगडतां दांत्यांचीं चाकें फिरवूं पाहते. शेवटच्या चाकास पॅलेट नांवाचा दुधारी अटकाव आहे. तो दर खेपेस एकच दांता सोडतो. अटकावास हालविणारें बॅलन्सचें चाक केसासारख्या बारीक कमानीच्या जोरावर मागेंपुढें झोके घेतें. जुन्या घड्याळांत असे ठोके सामान्यतः तासास १८,०००, म्हणजे सेकंदास पांच पडतात. दिवसाचे ४,३२,००० होतात. हा सर्व भार बॅलन्सच्या आंसाच्या दोन टोंकांवर असतो, आणि तीं टोंकें मिलिमीटरच्या दशांशाच्या आसपास जाडीचीं असतात. घड्याळ हातांतून पडलें कीं पहिल्यानें तींच मोडतात.

यावरून झिजणारे भाग मोजकेच ठरतात: ताण गेलेली अगर तुटलेली कमान, मोडलेला आंस, तडकलेलें माणीक, झिजलेली चावीची दांडी व गुंडी, आणि काच. हे भाग कर्त्यानेंही बदलण्याकरितांच केलेले आहेत. मूळ कारखाने ते सुटे विकीत. ते बदलल्यानें घड्याळाच्या साक्षीस बाध येत नाहीं, जसें पोथीचा दोरा बदलल्यानें पाठास येत नाहीं. उलट तबकडी, कांटे, डबी, आणि क्रमांक असलेले पत्रे हा पाठ होय. तडकलेली मिन्याची तबकडी तडकलेलीच राहूं द्यावी. ती धुवून स्वच्छ करावी, पण पुन्हां रंगवूं नये.

पुष्कळदां तर कांहींच बदलावें लागत नाहीं. घड्याळ बंद असतें तें तेल वाळल्यामुळें. पूर्वीं घड्याळाचें उत्तम तेल शिंशुक नामक जलचराच्या जबड्यांतून काढीत. तें कालांतरानें डिंकासारखें चिकट होतें. अशा यंत्रास जोरानें चावी देणें किंवा वरून थेंबभर तेल सोडणें हें दोन्ही अपायकारक. नवें तेल जुन्या मळांत मिसळून घासणारा लेप होतो व पितळेचीं भोकें खातो. योग्य मार्ग एकच. प्रथम कमानीचा ताण हळूहळू उतरवावा, यंत्र सर्व सुटें करावें, धुवावें, प्रत्येक आंसाचें टोंक भिंगाखालीं पाहावें, आणि मग ठराविक जागींच तेल द्यावें. ताण न उतरवितां पॅलेट काढल्यास सर्व चाकें एकदम सुटून दांते मोडतात. पुष्कळ स्विस यंत्रांत चावीच्या एका चाकाचा स्क्रू उलट्या आट्यांचा असतो; हें ठाऊक नसलेला मनुष्य तो सोडवितां सोडवितां तोडतो. म्हणून हें काम शिकलेल्या हातांचें आहे. संग्राहकानें तें जाणावें, पण पहिला प्रयोग पणजोबांच्या घड्याळावर करूं नये.

येथें एक इशारा अवश्य द्यावा लागतो. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून १९६० च्या सुमारापर्यंतच्या कित्येक घड्याळांत अंधारांत चकाकणारे आंकडे रेडियमच्या रंगानें काढलेले असतात. त्यांची चकाकी आज गेलेली असली तरी रेडियमचा उत्सर्ग गेलेला नाहीं. तो निम्मा होण्यासच सुमारें १,६०० वर्षें लागतात. चकाकी जाते ती त्यांत मिसळलेलें जस्ताचें द्रव्य निकामी झाल्यामुळें. असा रंग खरवडूं नये, त्याची भुकटी श्वासांत जाऊं देऊं नये, व अशी तबकडी शक्य तों उघडूंच नये.

६. भाग मिळविण्याचे मार्ग चार आहेत, व ते पुढील क्रमानेंच अवलंबावे.

पहिला मार्ग जुन्या न विकलेल्या मालाचा. स्विस धंद्यांत प्रत्येक भागास ठराविक आंकडा आहे: चावीची दांडी ४०१, बॅलन्सचा आंस ७२३, इत्यादि. कर्त्याची खूण, नमुन्याचा आंकडा व भागाचा आंकडा या तिहींच्या आधारें जगांतील कोणत्याही विक्रेत्याजवळून नेमका भाग मागवितां येतो. बंद झालेल्या दुकानांतील लहान पुड्या व कुप्या आजही विक्रीस येतात. यांत पुडीवरील लेखाची शहानिशा करावी; एका पुडींतील भाग दुसऱ्या पुडींत गेलेले असतात.

दुसरा मार्ग नव्यानें तयार होणाऱ्या, मापानें जुळणाऱ्या भागांचा. काच व कमान या बाबतींत हाच सोयीचा. कमानीचीं चार मापें सांगावीं लागतात: रुंदी, जाडी, लांबी, व बाहेरील टोंकाचा प्रकार. यांत जाडीचें माप सर्वांत नाजुक. कमानीचा जोर जाडीच्या घनाच्या प्रमाणांत वाढतो. जाडी शेंकडा ५ नें वाढली तर जोर शेंकडा सुमारें १६ नें वाढतो. ‘जरा जाड घातली तर घड्याळ जोमानें चालेल’ ही समजूत म्हणून घातक आहे. त्या जोरानें दांते व आंस झिजतात. जुन्या निळसर पोलादी कमानी तुटत व ताण सोडीत. हल्लींच्या मिश्रधातूच्या कमानी गंजत नाहींत व क्वचितच तुटतात. त्या घालण्यास हरकत नाहीं.

तिसरा मार्ग दुसऱ्या यंत्राचा. त्याच नमुन्याचें निकामी यंत्र विकत घेऊन त्यांतील भाग काढावयाचा. वॉल्थॅमच्या कारखान्याचें वैशिष्ट्य हेंच कीं, तेथें भाग यंत्रानें एका मापाचे करण्याचा उद्योग झाला. त्यामुळें एकाच नमुन्याच्या व प्रतीच्या दोन घड्याळांतील भाग थोड्या घासणीनें परस्परांस लागतात. लिंकनच्या लिव्हरपुली यंत्रासारख्या जुन्या इंग्रजी घड्याळांची गोष्ट निराळी. तीं हातानें जुळवून केलेलीं. शेजारच्या घड्याळाचा भागही त्यांस लागत नाहीं. तिसऱ्या मार्गांत एक नैतिक प्रश्नही आहे. एक पोथी पुरी करण्याकरितां दुसऱ्या पोथीचीं पानें फाडावीं काय? ज्याची डबी वितळवून गेली आहे, तबकडी फुटली आहे, असें यंत्र घ्यावें. चालूं शकणारें सबंध घड्याळ मोडूं नये.

चवथा मार्ग भाग नवा घडविण्याचा. लेथवर आंस कातणारे कारागीर थोडे उरले आहेत, व त्यांची मजुरी घड्याळाच्या बाजारभावाहून अधिक होऊं शकते. पण हाताच्या इंग्रजी घड्याळास दुसरा उपाय नाहीं. आणि एका दृष्टीनें हा मार्ग सर्वांत प्रामाणिक आहे. कारण त्यांत दुसऱ्या कोणत्याही जुन्या वस्तूचा बळी पडत नाहीं.

७. भाग शोधतांना मुंबईचा चोर बाजार व पुण्याचा जुना बाजार येथें आपली मंडळी जातातच. तेथें वस्तु मिळतात हें खरें. पण तेथील एका प्रकाराविषयीं सावध असावें. परदेशांतील संग्राहकांत ‘मुंबई स्पेशल’ असा एक शब्द रूढ झाला आहे, व तो आपल्याला भूषणावह नाहीं. निरनिराळ्या निकामी घड्याळांचे भाग एकत्र करून, नवी भडक रंगाची तबकडी छापून, वर फाव्र-ल्यूबा, वेस्ट एंड किंवा एच. एम. टी. असें नांव घालून विकलेलें घड्याळ, असा त्याचा अर्थ. तें चालतें, कधीं बरें चालतें. ज्यास केवळ वेळ पाहावयाची आहे त्याची त्यांत फसवणूक झाली असेंही म्हणतां येत नाहीं. पण साधन म्हणून त्याची किंमत शून्य; तो चार प्रतींतून जुळविलेला व वर जुन्या लेखनिकाचें नांव घातलेला पाठ आहे. ओळखण्याच्या खुणा साध्या आहेत: कर्त्यानें कधीं न काढलेला तबकडीचा रंग, बेडौल अक्षरें, डबीच्या मापास न जुळणारी सेकंदाची तबकडी, आणि डबींतील निरनिराळ्या जागचे स्क्रूचे वळ.

येथें एक आक्षेप येण्यासारखा आहे. सर्वच दुरुस्ती म्हणजे भागांची अदलाबदल. मग वडिलोपार्जित घड्याळांत दुसऱ्या यंत्राचा आंस घालणारा गृहस्थ आणि बाजारांतील जुळवणारा यांत भेद काय? भेद भागांच्या संख्येचा नाहीं, नोंदीचा आहे. ग्रंथाच्या संपादकानें त्रुटित अक्षर कंसांत घालून भरलें तर ती पूर्ति. कंस न घालतां भरलें तर तो क्षेपक. अक्षर दोन्हीकडे तेंच असेल.

८. म्हणून ज्यांच्या संग्रहीं असें घड्याळ असेल त्यांस पुढील सूचना कराव्याशा वाटतात.

(अ) कारागिराकडे देण्यापूर्वीं तबकडी, डबीचें आंतलें-बाहेरलें अंग, यंत्र व सर्व क्रमांक यांचीं छायाचित्रें घ्यावीं. झांकणाच्या आंतील ओरखडे सरळ प्रकाशांत दिसत नाहींत. दिवा एका बाजूनें तिरपा धरावा, म्हणजे ते उठून दिसतात. प्रत्येक ओरखड्याची नक्कल कागदावर करावी, वाचतां येवो अगर न येवो.

(आ) कारागिरास लेखी सांगावें: डबीस उजळा देऊं नये, तबकडी व कांटे बदलूं नयेत, पत्रे घासूं नयेत, बदललेला प्रत्येक जुना भाग परत द्यावा. ‘नव्यासारखें करा’ हे शब्द उच्चारूं नयेत.

(इ) तबकडी उघडली असतां तिच्याखालील पत्र्याचें व तबकडीच्या पाठीचें छायाचित्र मागावें. ही बाजू एरव्हीं कोणास दिसत नाहीं, म्हणूनच जुन्या कारागिरांनीं तेथें लिहून ठेवलें.

(ई) जुने भाग कागदाच्या पुडींत, वर तारीख व भागाचें नांव लिहून, घड्याळाबरोबर ठेवावे. मोडका आंस ही क्षुद्र वस्तु वाटेल. पण तो मूळचा होता कीं पूर्वींच एकदां बदललेला, हें पुढील अभ्यासकास त्यावरूनच कळावयाचें आहे.

(उ) दुरुस्तीची नोंद एका कागदावर करावी: तारीख, गांव, काय बिघडलें होतें, कोणता भाग कोठून आणून घातला. नवी खूण डबीवर ओरखडूं नये, कागद पुरे.

(ऊ) घड्याळाविषयींची घरांतील परंपरा, ती खरी वाटो वा खोटी, सांगणाराच्या नांवानिशीं वेगळ्या कागदावर लिहून ठेवावी. यंत्रावरून निघणाऱ्या अनुमानांत ती मिसळूं नये. डिलनची आठवण व त्याचा ओरखडा हीं दोन्ही राहिलीं म्हणूनच त्यांची तुलना करतां आली.

९. दुरुस्त झालेलें घड्याळ रोज चालवावें कीं नाहीं, असें कित्येक विचारतात. चालविल्यानें झीज होते, व न चालविल्यानें तेल आळतें; अति दुर्मिळ यंत्र स्वस्थ ठेवावें, सामान्य यंत्रास अधूनमधून चावी द्यावी, आणि पांच-सहा वर्षांनीं तें धुवून घ्यावें, हा मध्यम मार्ग व्यवहार्य दिसतो.

आमचें घड्याळ आज चालूं आहे. दिवसाकांठीं दोन मिनिटें मागें पडतें, तेवढें चालावयाचेंच. पण त्याच्या झांकणांत पाहिलें तर चेहऱ्याखेरीज कांहीं दिसत नाहीं. ती मोडी आंकड्यांची खूण एका वहींत घाईनें उतरून घेतली होती तेवढीच शिल्लक आहे, आणि तिचा शेवटचा आंकडा पांच कीं सहा हें आतां कोणासही सांगतां येणार नाहीं. ज्यांच्या पेट्यांतील घड्याळें अद्यापि मळकीं, बंद व न घासलेलीं आहेत, त्यांनीं तीं कारागिराकडे नेण्यापूर्वीं एक वेळ तिरप्या उजेडांत धरून पाहावीं, व जें दिसेल तें आधीं उतरून घ्यावें, एवढीच विनंति.